प्रोखोर चिझोवची रिकामी चौकट

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता वेर्बिनोच्या संग्रहालयाचं दार उघडलं, तेव्हा भिंतीवरचे आठ चिझोव जागच्या जागी होते आणि नववा बेपत्ता होता.

चौकट होती, काच होती, खालची पितळी पट्टीही होती : ‘प्रोखोर चिझोव, ध्रुवसागरातले नाविक’. मध्ये मात्र नुसता करडा पुठ्ठा.

संचालक शेल्कोव टोपी न घालताच रिम्मा पाव्लोव्नाच्या घरी धावले. रिम्मा पाव्लोव्ना खिडकीतली टोमॅटोची रोपं मोठ्या डब्यांत लावत होती. सत्तावीस वर्षं पोलीस खात्यात तपासनीस म्हणून काढून ती सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. पण गावात कुणाची कोंबडी हरवली तरी लोक अजून तिच्याच दाराशी येत.

“पोलीस ठाणं तिकडे आहे, वादिम बोरिसोविच,” ती हात न धुता म्हणाली.

“ठाण्यात कुत्रं नाही हो! सगळे नदीवर गेलेत. बर्फ फुटलाय, खालच्या आळीत पाणी शिरतंय, अशात एका फोटोसाठी कोण येणार? आणि शनिवारी नव्या दालनाचं उद्घाटन आहे. प्रांताहून माणसं यायचीयत, वर्तमानपत्रवाले यायचेत...”

“शनिवारपर्यंत येणार कशी? पोहत?”

शेल्कोवना हसू आलं नाही. शुक्रवारपासून नदीवरची बर्फाची वाट बंद होती आणि होडी सुरू व्हायला अजून तीन-चार दिवस होते. रेल्वे स्टेशन पलीकडच्या काठावर. गावातून कुणी बाहेर जाऊ शकत नव्हतं.

रिम्मा पाव्लोव्नाने हात धुतले. म्हणजे फोटो गावातच होता.

२

वेर्बिनोत दर तिसऱ्या दारावर चिझोव हे आडनाव. भूगोलाचे मास्तर ग्लेब मात्वेयेविच चिझोव यांनी वीस वर्षं देशभर पत्रं पाठवून, ज्यांची मुळं या गावात आहेत असे नऊ नामवंत चिझोव शोधून काढले होते. त्यात पूल बांधणारा इंजिनियर होता, ऑपेरात गाणारी बाई होती, बुद्धिबळातला उस्ताद होता, युद्धातली शल्यवैद्य होती. शाळेतल्या पोरांना रांगेने आणून सांगत, बघा, तुमच्याच गल्लीतली नावं आहेत ही.

रिम्मा पाव्लोव्नाही चिझोवच, नवऱ्याकडून. नवरा बावीस वर्षांपूर्वी मुर्मान्स्कला जहाजावर कामाला गेला तो तिकडचाच झाला. आडनाव तेवढं तिच्याजवळ राहिलं. बदलता आलं असतं. कचेरीत दोनदा गेली, दोनदा रांगेतून परत फिरली. या भिंतीसमोर उभं राहिलं की तिला वाटे, इतके चिझोव निघून गेले, नावाजले आणि इथे त्यांची वाट बघणारे कोण होते, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

तिने चौकट खाली घेतली. मागचा पुठ्ठा आठ बारीक खिळ्यांनी बसवलेला. खिळे सरळ करून पुठ्ठा काढलेला, मग आठही पुन्हा जिथल्या तिथे वाकवून बसवलेले, एकाचीही जागा चुकलेली नाही. काचेवर बोट फिरवलं. बाहेरून नेहमीची धूळ. आतून मात्र काच लख्ख, कापडाने निगुतीने पुसलेली. बाकीच्या आठ चौकटी तिने उजेडात धरल्या. सगळ्यांच्या काचा आतून धुरकटलेल्या होत्या.

“काय चोर आहे!” दालनाची राखणदारीण फाइना येगोरोव्ना शेकोटीजवळच्या खुर्चीतून म्हणाली. एकोणसत्तर वर्षांची बाई, मांडीवर अर्धा विणलेला पायमोजा. “बुद्धिबळवाल्याची चांदीची चौकट सोडली आणि नुसता कागद नेला. त्याला उपाशीच मरू दे.”

“रविवारी होता फोटो?”

“होता की. शाळेची पोरं येऊन गेली. चार वाजता मी कुलूप लावलं. सोमवारी बंद असतं. मी घरी बियाण्याचे बटाटे निवडत होते.”

“किल्ल्या किती?”

“तीन. एक साहेबांची, एक माझी, एक ग्लेब मात्वेयेविचची. आणि वरच्या खोलीत ती पीटर्सबर्गची पाहुणी उतरलीय, तिला आतला जिना आहे. तिला विचारा. सारखी हातमोजे घालून फिरते.”

रिम्मा पाव्लोव्ना चौकट परत टांगायला वळली आणि तिची नजर खाली गेली. नवव्या चिझोवसमोर, खिडकीच्या थंडगार कोपऱ्यात, जमिनीच्या लिनोलियमला चार खोल खळगे पडले होते. वर्षानुवर्षं काहीतरी जड तिथेच ठेवलेलं असावं, असे. शेकोटीजवळची जमीन मात्र गुळगुळीत होती.

ती जिना चढून वर गेली.

३

वेरोनिका ल्वोव्ना पन्नाशीची, सडपातळ, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. ध्रुवसागरातल्या नाविकाची ही नात. बर्फ फुटण्याच्या आदल्या दिवशी आली आणि अडकली.

“तुमच्या आजोबांचा फोटो गेल्याचं वाईट वाटलं असेल,” रिम्मा पाव्लोव्ना म्हणाली.

“नाही वाटलं,” वेरोनिका म्हणाली. मग घाईने, “म्हणजे, तसं नव्हे. मी लहान होते तेव्हा आजी खिडकीत बसायची. जहाज एकोणीसशे तेहतीस साली बुडालं होतं आणि ही बाई पंचावन्न साली खिडकीत बसून बाजारातून येणाऱ्या माणसांच्या चाली बघायची. मी तिच्या मांडीवर आणि हातात आजोबांचा फोटो. त्यामुळे मला आजोबांचा चेहरा अगदी पाठ आहे. तो एकच फोटो आमच्याकडे होता.”

तिने पिशवीतून जाड कागदात गुंडाळलेला फोटो काढला. लांबोडका चेहरा, तोकडी दाढी, डाव्या भुवईवर व्रण.

रिम्मा पाव्लोव्नाने खिशातून संग्रहालयाची जुनी माहितीपुस्तिका काढली. त्यात भिंतीवरच्या फोटोची छापील नक्कल होती : काळपट, अंधुक, पण ओळखता येईल इतपत. विशीतला गोल चेहऱ्याचा मुलगा. डोक्यावर नांगराचं चिन्ह असलेली टोपी, आणि ओठांवर असं हसू की जणू फोटोवाल्याने आत्ताच काहीतरी चावट सांगितलंय.

“आणि हा?”

“हा कोण ते मला माहीत नाही, बाई,” वेरोनिका म्हणाली. “माझा आजोबा नव्हे. टोपीसुद्धा समुद्रावरची नाही. नदीवर काम करणाऱ्यांची आहे.”

४

“तुम्हाला माहीत होतं,” रिम्मा पाव्लोव्ना शेल्कोवना म्हणाली.

शेल्कोवनी टेबलावरचे कागद सरळ केले. सरळच होते ते.

“रविवारी कळलं. संध्याकाळी चहाला बसलो होतो तेव्हा तिने तो फोटो काढून दाखवला. मला घाम फुटला! सव्वीस वर्षं आम्ही कुणा भलत्याच पोराला ध्रुवसागरातला नाविक म्हणून दाखवत होतो. प्रांतातल्या माणसांना कळलं असतं तर...”

“मग काय ठरलं?”

“ठरायचं काय? तिच्या फोटोची प्रत काढायची, ती चौकटीत घालायची, जुना शेकोटीत टाकायचा. पुरावा राहायला नको. मी फाइनाला सांगितलंसुद्धा, मंगळवारी आलीस की तेवढं कर म्हणून. पण सकाळी ती म्हणते, चौकट आधीच रिकामी; म्हणजे पुरावा कुणाच्या तरी हाती लागला!”

“फाइना चहाला होती?”

“चहा तीच ओतत होती. आणखी कोण ओतणार?”

“आणि ग्लेब मात्वेयेविच?”

“ते गुरुवारपासून तापाने पडलेत. त्यांना कळवलंच नाही, म्हातारा हाय खाईल म्हणून. आयुष्य घातलंय त्याने त्या भिंतीत.” शेल्कोवनी आवाज खाली आणला. “मी नाही घेतला हो. शपथेवर सांगतो.”

“ते मला ठाऊक आहे. रिकामी चौकट टांगून गावभर बोभाटा करून घेण्याइतके तुम्ही वेडे नाही. तुम्ही घेतला असता तर आत दुसरा फोटो असता.”

शेल्कोवनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की हे काही फारसं कौतुक नव्हतं.

पाहुणीलाही त्याचा उपयोग नव्हता. जो फोटो दोन दिवसांनी जळणारच होता, तो तिने कशाला चोरावा? रिम्मा पाव्लोव्नाने कोटाची बटणं लावली आणि मास्तरांच्या घराकडे निघाली. रस्त्यावरून नदीचा आवाज येत होता. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते, मालगाडीचे डबे जोडताना होतो तसा आवाज.

दार ढकललं तर चोरीची बातमी कानावर आलेले ग्लेब मात्वेयेविच अंगावर कोट चढवून, टोपी हातात घेऊन, पलंगाच्या कडेवर तयार बसले होते.

“या, रिम्मा पाव्लोव्ना,” ते म्हणाले. “चोर मीच आहे. चला, कुठे यायचं?”

५

ती त्यांच्यासमोर बसली. “आधी चहा. मग तुरुंग.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मास्तर. तिने दिलेला पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला तरी चहा बशीत हिंदकळला. हात आता तापाने नव्हे, चार वर्षांपासून असेच थरथरत होते.

“तो माझा धाकटा भाऊ,” ते म्हणाले. “प्रोखोर. नदीतल्या मार्गदिव्यांवर कामाला होता. रोज संध्याकाळी होडीने जाऊन दिवे लावायचा, पहाटे विझवायचा. एक्कावन साली एप्रिलात बर्फावरून चालत येताना गेला. सापडला नाही. थडगं नाही, काही नाही. तेवीस वर्षांचा होता.

“बहात्तर साली भिंत झाली. नऊ फोटो हवेत असा हुकूम. नाविक प्रोखोर चिझोवचा फोटो मिळेना. अकरा पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आणि घरात एका प्रोखोर चिझोवचा फोटो होता, नांगराची टोपी घातलेला. मी बसवला. पाप केलं. आई दर रविवारी चांगला रुमाल बांधून संग्रहालयात जायची आणि त्याच्यासमोर उभी राहायची. तिला वाटायचं, सरकारने आपल्या मुलाचं काहीतरी केलं. ती गेल्यावर काढणार होतो. नाही काढला.” त्यांनी पेला खाली ठेवला. “नाविकाची नात आल्याचं कळलं. आता लबाडी उघडी पडणार, म्हणून सोमवारी जाऊन काढून आणला. आणि जाळला.”

“चौकट कशी उघडलीत?”

“कशी म्हणजे... खिळे काढून.”

“किती होते?”

“चार.”

“आठ होते. आठही सरळ करून परत बसवलेत. ग्लेब मात्वेयेविच, तुम्हाला स्वतःच्या कोटाचं बटण लावता येत नाही. आत्तासुद्धा चुकीच्या काजात गेलंय.”

मास्तरांनी मान खाली घालून कोटाकडे पाहिलं.

“आणि काच आतून पुसली होती,” ती पुढे म्हणाली. “घाईतला चोर काच पुसत नाही. लबाडी लपवणारा तर नाहीच नाही. त्या धुरकट काचेतून कुणीतरी पुष्कळ वर्षं बघत होतं. एकदाची ती हाताशी आल्यावर पुसल्याशिवाय राहवलं नाही त्याला. तुम्ही कुणाला पाठीशी घालताय?”

“मला माहीत नाही,” म्हातारा म्हणाला. “मला फक्त वाटलं. दोन वर्षांपूर्वी एकदा मी सकाळी लवकर गेलो होतो. फाइना त्याच्यासमोर उभी राहून ‘आज कडाका आहे हं’ असं म्हणाली. मी मनात हसलो. म्हटलं, म्हातारी ध्रुवसागरातल्या माणसाला थंडीचं सांगतेय.”

“तिची खुर्ची कुठे असायची?”

“खिडकीजवळ. कितीदा म्हटलं, बाई, वारा लागतो, शेकोटीजवळ बस. ऐकलं नाही.”

“सव्वीस वर्षं त्या खुर्चीने तिथे खळगे पाडलेत. आज एप्रिलात, ऊन पडल्यावर, ती शेकोटीजवळ बसली होती,” रिम्मा पाव्लोव्ना म्हणाली. “तिकडे बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. उठा. बटण मी लावते.”

६

फाइना येगोरोव्नाने दारात दोघांना पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली. टेबलावर मेणकापड, त्यावर निवडलेले बटाटे. तिने कपाटाचा खण उघडला आणि फोटो टेबलावर ठेवला, बटाटे बाजूला सारून.

“जाळायला सांगितला त्यांनी,” ती म्हणाली. “एकदा पाण्यात गेला. आता मी माझ्या हातांनी आगीत घालू? न्यायचं असेल तर मला न्या. त्याला ठेवा.”

“कुणी कुणाला नेत नाहीये,” रिम्मा पाव्लोव्ना म्हणाली. “संग्रहालयाच्या वहीत नोंद आहे ती नाविक प्रोखोर चिझोवच्या फोटोची. तो फोटो त्यांच्याकडे कधी नव्हताच. जे नव्हतं ते चोरीला कसं जाईल? हा ग्लेब मात्वेयेविचच्या घरचा कागद आहे. तसंच लिहून देणार आहे मी. नातीचा फोटो शनिवारी चौकटीत बसेल. शेल्कोव खूश, वर्तमानपत्र खूश.”

ती हे म्हणत होती, पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. मास्तर फाइनाकडे बघत होते.

“तू त्याला ओळखत होतीस?”

“नदी मोकळी झाली की लग्न करणार होतो.”

“कुणी कधी बोललं नाही...”

“कुणाला ठाऊकच नव्हतं. आम्ही तेव्हा पलीकडच्या काठाला राहायचो, स्टेशनजवळ. तो गेल्यावर मी काय म्हणून रडायचं होतं? ना बायको, ना कुणी. माझ्याकडे त्याचा फोटोसुद्धा नव्हता. पुढे लग्न केलं, नवरा चांगला होता, गेला. बहात्तर साली शेजारणीबरोबर भिंत बघायला आले, तर हा समोर हसतोय. खाली भलतंच लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन नोकरी मागितली.”

“मला सांगायचं होतंस, फान्या.”

“सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून काढला असता. तुमची लबाडी होती म्हणून तर मला रोज दिसत होता.”

ग्लेब मात्वेयेविच खुर्चीत बसले.

“ऐक,” ते म्हणाले. “तुलाही ठाऊक असायला हवं. त्या दिवशी सकाळी मी त्याच्यावर ओरडलो होतो. बर्फ फुटायला आला, होडीला डांबर लावलं नाहीस, आयतं खातोस, म्हटलं, तोंड दाखवू नकोस. तो टोपी उचलून निघून गेला. माझ्यामुळे बर्फावर गेला. सत्तेचाळीस वर्षं झाली. मी या देशातले सगळे चिझोव शोधले, फान्या. सगळे.”

रिम्मा पाव्लोव्ना दाराजवळ उभी होती. निघावं की थांबावं, तिला कळेना.

“तुमच्यामुळे?” फाइना म्हणाली. “तो माझ्याकडे आला होता. दहा वाजता. मी धिरडी केली होती. साडेअकराला निघतो म्हणाला, तर मी म्हटलं, थांब, चहाचा समोवार ठेवलाय, एक पेला घेऊन जा. बारा वाजून गेले. साडेअकराला सोडला असता तर पोचला असता. त्यानंतर मी कुणालाही थांब म्हणाले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.”

दोघंही फोटोकडे बघत राहिले.

“म्हणजे तो...” मास्तर म्हणाले. “तो रागात नव्हता?”

“राग? कुणावर? तुमच्यावर? हसत होता. म्हणाला, ग्लेब ओरडायला लागला की त्याचे कान बीटासारखे लाल होतात, आज तर बघायला हवे होतेस. आणि म्हणाला, आता घरी जाऊन त्याला आपलं सांगतो, मग बघ कसा गप्प बसतो. तुम्हालाच सांगायला निघाला होता तो. मी काठावर उभी होते. गात चालला होता.”

“प्रोखोर?” मास्तर एकदम म्हणाले. “गात? अगं, त्याला सूर कुठे होता!”

“नव्हताच मुळी! बर्फावरचे कावळे उडाले सगळे.”

ग्लेब मात्वेयेविच हसले. हसता हसता त्यांनी तोंडावर दोन्ही थरथरते हात धरले आणि मग ते हसू राहिलं नाही. फाइना उठली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ.

“फोटो तुझ्याकडेच राहू दे,” शेवटी ते म्हणाले. “मला घरी बघायला जमणार नाही. मी इथे येत जाईन, चालेल?”

“रोज चार वाजता सुटते मी.”

“आणि मला सगळं सांग. सुरुवातीपासून. दहा वाजता आला, मग?”

रिम्मा पाव्लोव्नाने दाराची कडी हळूच काढली.

“मग काय, दार मीच उघडलं,” फाइना म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. “डाव्या बुटात पाणी गेलं होतं त्याच्या. मला म्हणाला, आधी बूट शेकोटीवर ठेव, आत कसा येऊ...”